सातवं प्रकरण

थॉर्नबरो, १४ मार्च १८३७

आमच्या चर्चचे पाळक रेव्हरंड हॉइट यांच्याकडून माझं हस्तलिखित तपासून परत आलं. दोनशे अकरा पानं, त्यांतल्या एकोणऐंशी पानांवर लाल शाई. सोबत चिठ्ठी: 'लिखाण स्तुत्य आहे. काही ठिकाणची भाषा स्त्रीच्या लेखणीला शोभणारी नव्हती, ती सौम्य केली.'

सौम्य. केझाया टॉलिव्हरला खांबाला बांधून चाबकाने फोडलं, असं मी लिहिलं होतं. आता तिथे आहे, 'तिला कठोर शिक्षा भोगावी लागली.' वाचणाऱ्याला वाटेल, तिला कोपऱ्यात तोंड करून उभं केलं.

सहा महिने दर मंगळवारी दुपारी मी केझायाच्या स्वयंपाकघरात बसले. गावाचं धुणं ती धुते. दक्षिणेत, व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मली. मालकीण मरताना मृत्युपत्रात तिला मोकळं करून गेली. सोमवारी तिचं धुणं असतं, मंगळवारी इस्त्री. ती इस्त्री करता करता सांगायची आणि मी लिहून घ्यायचे. वाफेने कागद मऊ पडायचा, शाई फुटायची. घरी आल्यावर मी ते सगळं धड वाक्यांत बसवायचे, कारण केझायाच्या बोलण्याला सुरुवातही नसते आणि शेवटही नसतो. सगळं पुस्तक 'मी'ने लिहिलंय, म्हणजे तीच बोलते आहे असं वाटावं. हे किती अवघड असतं ते लाल शाईची दौत घेऊन बसणाऱ्याला काय कळणार?

आणि चिठ्ठीच्या शेवटी: 'शीर्षकपानावर आपलं नाव घालणं उचित होईल का, याचा विचार व्हावा.' विचार व्हावा म्हणजे तो झालेला आहे.

१६ मार्च

दोन दिवस जेवण जात नाही. थर्झा म्हणाली, बीन्स तुझ्यासाठी पुन्हा गरम करणार नाही. थर्झा माझी थोरली बहीण. तिचा नवरा समुद्रात बुडाल्यापासून आम्ही दोघीच या घरात आहोत. तिला पुस्तकं आवडत नाहीत, पण मी काय लिहिते यावर तिचं लक्ष असतं.

मी तिला सांगितलं, पंधरा वर्षं मी वार्षिक अंकांमध्ये गोष्टी लिहिते आणि खाली 'एक स्त्री' अशी सही करते. छत्तीस वर्षांची झाले. आता एकदा तरी मला लोइस थॅक्स्टर असं छापलेलं बघायचं आहे. हा गर्व असेल तर देव मला क्षमा करो. रेव्हरंड हॉइटच्या क्षमेची मला गरज नाही.

थर्झा म्हणाली, "पण गोष्ट तर केझायाची आहे ना?"

मी म्हटलं, दगड खाणीतून येतो म्हणून पुतळा खाणवाल्याचा होत नाही. वाक्य चांगलं जमलं. कुठेतरी वापरीन.

२१ मार्च

केझायाकडे गेले. रेव्हरंडांनी पुस्तकातली नावं काढली हे तिला सांगणं भाग होतं. पहिल्या दिवशीच तिने अट घातली होती: जिथून तिच्या मुलीला नेलं त्या गावाचं नाव, ज्याने विकत घेऊन नेलं त्याचं नाव आणि मुलीचं नाव, तिन्ही पुस्तकात यायला हवीत. वाचणाऱ्यांपैकी कुणी तिकडे जाऊन आलेला असेल, कुणाच्या तरी कानावर काही आलं असेल, असं ती धरून चालली होती. पुस्तक म्हणजे तिला दवंडी वाटते.

रेव्हरंड म्हणतात की माणसाचं नाव छापलं तर तो खटला भरेल. गावाचं नाव दिलं तरी तेच. मी तिला तसं सांगितलं. केझायाने इस्त्री चुलीवर ठेवली, दुसरी उचलली, तिच्यावर थुंकी टाकून ताप पाहिला आणि एका शर्टाची बाही पूर्ण केली. मग विचारलं, "आणि मुलीचं?"

मी म्हटलं, "मुलीवर तर आख्खं प्रकरण आहे. सातवं. सगळ्यात सुंदर तेच झालंय."

"वाचून दाखवा."

मी म्हटलं, छापून आल्यावर ऐक, तुकड्यातुकड्याने मजा जाईल. खरं सांगायचं तर मला धीर झाला नाही. का झाला नाही ते इथे लिहून ठेवते, कारण ही वही कुणी वाचत नाही.

मुलीबद्दल केझायाने मला जे सांगितलं ते सगळं असं होतं: "ती सहा वर्षांची होती. गुरुवार होता. मी विहिरीवर गेले. परत आले तर नव्हती." मी विचारलं, मग तुला काय वाटलं? ती म्हणाली, "शर्ट करायचे होते."

एवढ्यावर प्रकरण होत नाही. वाचकाला रडू यायला हवं. तो रडला तरच तो गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही करतो. म्हणून मी मुलीला ताप आणला. तिला गवताच्या अंथरुणावर निजवलं, तिच्या तोंडी प्रार्थना घातली, आणि पहाटे आईच्या मांडीवर तिचे डोळे मिटले. नावही बदललं. टेम्पी हे नाव कानाला खरखरीत लागतं. पुस्तकात ती रोझाली आहे. लिहिताना मी इतकी रडले की दोन पानं पुन्हा लिहावी लागली. आणि यात खोटं काय आहे? मुलगी गेलीच ना. उलट विकली जाण्यापेक्षा आईच्या मांडीवर गेली असती तर बरंच झालं असतं.

या एका प्रकरणात रेव्हरंडांनी लाल शाईचा एक ठिपकाही काढलेला नाही.

४ एप्रिल

मुद्रितं आली. शीर्षकपान असं: 'एका मुक्त गुलाम स्त्रीची जीवनकथा, तिच्याच शब्दांत. संपादन व प्रस्तावना: रेव्हरंड बार्नाबस हॉइट.'

डोक्यावर बॉनेट घातलं, बंद बांधायचेही राहिले, आणि तशीच त्यांच्याकडे गेले. मिसेस हॉइटने मला बाहेरच्या खोलीत बसवलं. पाऊण तास. मग ते आले. चहा घेता का, आमच्याकडे मेपलचीच साखर आहे, काळजी नसावी, असं म्हणाले. गुलामांनी पिकवलेली साखर मी सात वर्षं तोंडात घातलेली नाही, हे आमच्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांना वाटतं एवढं म्हटलं की मी विरघळेन.

मी विचारलं, माझं नाव कुठे आहे?

"मिस थॅक्स्टर, वाचकाला ती बाई स्वतः बोलते आहे असं वाटलं पाहिजे. मध्ये लेखिका आली की विश्वास उडतो."

"मग तुमचं नाव मध्ये कसं चालतं?"

"माझं नाव साक्षीसाठी आहे. पाळकाने हमी दिली की लोक मानतात. आपण अविवाहित आहात, गोष्टी लिहिता. लोक म्हणतील, ही पण गोष्टच." आणि मग अगदी मायेने, जणू मी आजारी आहे: "हे सगळं आपण त्या बिचारीसाठीच केलंत ना? मग आपलं गेलं काय?"

त्यावर मला उत्तर देता आलं नाही, याचा मला त्या शीर्षकपानापेक्षा जास्त राग आला आहे. माझे शब्द, माझी वाक्यं, माझे सहा महिने, आणि वर एका परक्या माणसाचं नाव. दुसऱ्याच्या तोंडून शब्द काढून घ्यायचे आणि स्वतःच्या नावावर खपवायचे, याला चोरी म्हणतात. गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी असली की तिला संपादन म्हणतात.

निघताना ते म्हणाले की सातवं प्रकरण वाचताना त्यांना अश्रू आवरले नाहीत. मला त्या अश्रूंचा आनंद झाला. तो का झाला म्हणून स्वतःचाही राग आला.

११ मे

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मी फक्त चिडलेली होते.

आज पुस्तक आलं. एक प्रत केझायाला दिली. तिने ओले हात आधी पुसले, मग प्रत घेतली. तिला वाचता येत नाही. पानं उलटत म्हणाली, सातवं कुठून लागतं ते दाखवा. मी दाखवलं. तिथे तिने धुतलेल्या चादरीची एक चिंधी खूण म्हणून घातली. येत्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी दुपारच्या उपासनेनंतर रेव्हरंड स्वतः वाचणार आहेत असं मी सांगितलं. ती म्हणाली, "बोटींचे कप्तान येतील का?"

मी म्हटलं, सगळं गाव येईल.

ती म्हणाली, "मग बरं."

२१ मे, रविवार

आज नाही लिहिलं तर उद्या सगळे मिळून वेगळंच सांगू लागतील.

चर्च गच्च भरलं होतं. पुढच्या बाकांवर कप्तान आणि त्यांच्या बायका, बाजूला परगण्याच्या वर्तमानपत्राचा माणूस. केझाया वरच्या सज्जात होती. काळ्या लोकांची जागा तिथेच असते. मी तिसऱ्या बाकावर थर्झाजवळ. रेव्हरंडांचा आवाज चांगला आहे, हे मला मान्य करावं लागेल. 'मी मळ्यावर जन्मले,' असं त्यांनी सुरू केलं. आधी माझं अंग आकसलं, मग मी ऐकतच राहिले. माझी वाक्यं एवढ्या मोठ्या जागेत कधी कुणी मोठ्याने वाचली नव्हती.

सातव्या प्रकरणाला रुमाल निघाले. डीकन प्रॅटसारखा कोरडा माणूस नाक शिंकरत होता. 'रोझालीने माझा हात धरला आणि म्हणाली, आई, तिकडे मला कुणी विकणार नाही ना?' यावर कुणीतरी हुंदका दिला. माझेही डोळे भरले.

तेव्हा वरून आवाज आला. "ती मेलेली नाही."

सगळ्यांनी माना वर केल्या. केझाया सज्जाच्या कठड्याला धरून उभी होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. इस्त्री करताना बोलायची तशीच बोलली.

"ते खोटं आहे. माझ्या मुलीला ताप आला नव्हता. तिचं नाव टेम्पी. टेम्परन्स. तिला मिलर्स फोर्डच्या कोनर्ली नावाच्या माणसाने नेलं. तिच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. ती आता एकोणीस वर्षांची असेल. तुमच्यातल्या काहींची जहाजं कापूस आणायला तिकडे जातात. कुणी तिला पाहिली असेल तर मला सांगा."

रेव्हरंड म्हणाले, "भगिनी, खाली बसा. या जागी स्त्रियांनी बोलायची रीत नाही."

"पाळकसाहेब, तुम्ही तासभर 'मी, मी' म्हणत होतात. तो 'मी' म्हणजे मी. तेव्हा चाललं."

पुढच्या बाकांवरचे कप्तान आपापल्या टोप्या बघत होते. केझायाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग जिना उतरून बाहेर गेली. जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रेव्हरंडांनीसुद्धा.

२२ मे

मी तिचं असं काय वाकडं केलं होतं म्हणून तिने माझं हे केलं? ज्या बाईला कुणी ढुंकून विचारत नव्हतं तिच्या स्वयंपाकघरात मी सहा महिने घाम गाळला. माझ्याकडे येऊन एकटीला बोलली असती तर मी समजावलं असतं. पण नाही, भर चर्चमध्ये. ज्या लोकांना तिच्यासाठी रडू आलं होतं त्यांच्याच तोंडावर.

थर्झाला म्हटलं, कृतघ्न आहे ती.

थर्झा मासा निवडत होती. म्हणाली, "तुला एकदाही वाटलं नाही का, तिला विचारावं?"

मी म्हटलं, लेखकाला विचारावं लागत नाही.

"हो का," थर्झा म्हणाली. "मग हॉइटनेही तुला विचारलं नाही, त्यावर तू दोन दिवस उपाशी का राहिलीस?"

मी ताट तसंच ठेवून वर आले. थर्झाला या गोष्टींतलं काही कळत नाही. त्या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. का वेगळ्या आहेत ते आज डोकं दुखतंय म्हणून लिहीत नाही.

३० मे

परगण्याच्या वर्तमानपत्राने लिहिलं: मेलेली मुलगी जिवंत निघते, तर चाबकाचे फटके तरी कशावरून खरे? उत्तरेतल्या रिकामटेकड्या बायांच्या कल्पनेतून आलेली ही गुलामगिरी, म्हणे. हेच लोक कापसाच्या पैशावर जगतात. मला ते वर्तमानपत्र चुलीत घालायचं होतं, पण खाली रेव्हरंड हॉइटांचं पत्र छापलेलं होतं.

त्यांनी लिहिलंय की त्यांची फसवणूक झाली. सगळं लेखन मिस लोइस थॅक्स्टर यांचं आहे. शीर्षकापासून शेवटापर्यंत प्रत्येक वाक्य मिस लोइस थॅक्स्टर यांनी रचलं. आपण केवळ विश्वासाने प्रस्तावना जोडली.

अखेर माझं नाव छापलं. एका पत्रात दोनदा. स्पेलिंगही बरोबर आहे.

६ जून

महिला मंडळाने माझ्याकडचं चिटणीसपद काढून घेतलं. मिसेस हॉइट घरी येऊन कागदपत्रं घेऊन गेली. जाताना म्हणाली, "सर्वांच्याच भल्यासाठी." मी दार तिच्यावर आपटलं नाही, ते आपोआप जोरात लागलं.

१३ जून, मंगळवार

केझायाकडे गेले. काय काय बोलायचं ते रस्त्यात ठरवलं होतं आणि सगळं बोलले. तुझ्यामुळे आता फटक्यांवरसुद्धा कुणी विश्वास ठेवत नाही. तुझ्यामुळे पुस्तक गेलं. अजून किती जणी तिकडे बांधलेल्या आहेत, त्यांचंही तू नुकसान केलंस. मी बराच वेळ बोलत होते. ती खळ घातलेल्या कॉलर पालथ्या घालत होती, त्यांतल्या दोन रेव्हरंड हॉइटांच्या असणार.

माझं संपल्यावर म्हणाली, "त्यांनी विश्वास ठेवावा म्हणून मी त्यांना मेलेली मुलगी द्यायची का?"

मी म्हटलं, मी ते दुष्टपणाने केलं नाही. मी स्वतः रडत रडत लिहिलं.

"थर्झाबाई म्हणाल्या मला." तिने इस्त्री खाली ठेवली. सहा महिन्यांत तिने मध्येच इस्त्री खाली ठेवलेली मी पाहिली नव्हती. "तेरा वर्षांत मी रडले नाही, बाई. एकदाही नाही. मी रडले की ती मेली असं होईल. तुम्ही तेही माझ्याआधी उरकून घेतलंत."

मग म्हणाली, "माझं नाव मिसेस टॉलिव्हर आहे. माझा नवरा होता. तेही तुम्ही विचारलं नाही." आणि पुढची कॉलर घेतली.

घरी येईपर्यंत मी तिला उत्तरं देत होते, मोठ्याने. एक गाडीवान वळून बघत होता. सगळी उत्तरं चांगली होती. एकही तिच्यासमोर सुचलं नाही, हा तिच्या उद्धटपणाचा परिणाम.

१९ जून

सातवं प्रकरण उघडून बसले, ते किती चांगलं आहे ते पाहण्यासाठी. तीनदा वाचलं. चांगलंच आहे. एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही.

मग, का कोण जाणे, त्यात तिने सांगितलेले शब्द किती आहेत ते पाहिलं. अकरा पानं आहेत. 'विहीर' एवढा एक सापडला.

थर्झाने विचारलं, अंधारात काय बसलीस? दुपारचे तीन वाजले होते. मी पडदे ओढून घेतले होते, ते माझ्या लक्षात नव्हतं.

२८ जून

मिसेस टॉलिव्हर आल्या. पुढच्या दाराने. थर्झाने त्यांना दिवाणखान्यात बसवलं आणि मला हाक मारली.

मला वाटलं, माफी मागायला आल्या असतील. तसं काही नव्हतं. त्यांना एक जाहिरात लिहून हवी होती. न्यूयॉर्कला काळ्या लोकांचं स्वतःचं वर्तमानपत्र आहे, त्यात द्यायची. शिवाय चाळीस प्रती हाताने: न्यू बेडफर्डच्या खलाशांकडे, फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये, दक्षिणेला जाणाऱ्या प्रत्येक जहाजावरच्या स्वयंपाक्याकडे. कप्तानांना आता त्या विचारणार नाहीत, असं म्हणाल्या.

मी विचारलं, माझ्याकडेच का?

"गावात तुमच्याइतकं स्पष्ट अक्षर कुणाचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि सध्या तुम्हाला दुसरं काम नाही."

मी चिडले. चिडूनच टाक काढला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं:

'टेम्परन्स, जिला टेम्पी म्हणतात. वय एकोणीस. मिलर्स फोर्डहून कोनर्लीने नेली, बहुधा नदीच्या खालच्या अंगाला. डाव्या कानाची पाळी फाटलेली. राजहंसांना घाबरते. झोपेत बोलते. बाप आयझाया टॉलिव्हर, वारला. आई केझाया जिवंत आहे, मोकळी आहे, थॉर्नबरोमध्ये आहे आणि वाट बघते आहे.'

राजहंस आणि झोपेतलं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतके मंगळवार गेले, हे कधी सांगितलं नाहीत, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला काय वाटलं ते विचारत होतात. ती कशी होती ते नाही विचारलं."

लिखाण म्हणून त्यात काही नाही. सगळी वाक्यं तुटकी. सुरुवातीला एखादं वाक्य तरी हवं, ज्याने वाचणारा थांबेल, असं मी सुचवलं. त्या नको म्हणाल्या. मी पुन्हा सुचवलं नाही.

दुपारभर प्रती काढल्या. त्या समोर बसून एकेक वाळलेला कागद उचलून वरच्यावर ठेवत होत्या, कडा जुळवून, घड्या केलेल्या चादरींसारख्या. थर्झाने चहा आणला. अठराव्या की एकोणिसाव्या प्रतीला त्यांनी कागद उचलला, खालच्या कागदाशेजारी धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ लांब आहे," त्या म्हणाल्या. "काय घातलंत?"

मी पाहिलं. 'आई केझाया'च्या आधी मी 'दुःखी' लिहिलं होतं. केव्हा लिहिलं ते मला आठवत नाही, देवाशपथ आठवत नाही. मी शब्द वाचून दाखवला.

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

मी नवा कागद घेतला.